बारा हातांचा वळसा

१० ऑगस्ट, रविवार. ओडोमीटर ९.

स्टँड पायाला सापडेना. गाडी दोन्ही मांड्यांत धरून मी गेटासमोर उभा, टाच मागेपुढे चाचपत. बायको, शामला, ओवाळायचं ताट घेऊन पायरीवर. निरांजन दोनदा विझलं, तिने दोनदा लावलं. शेवटी बाबा म्हणाले, "हेमू, स्टँड डावीकडे असतो." मी उजव्या पायाने शोधत होतो.

तर गाडी आली. साडेतीनशे सीसी. वजन एकशे पंच्याण्णव किलो. गोल दिवा, थेंबाच्या आकाराची टाकी, तपकिरी लांब सीट. रंग शेवाळी. दिसायला पन्नास वर्षांपूर्वीची, आतून आजची. शोरूमपासून दर्पण कॉलनीपर्यंत नऊ किलोमीटर. वाटेत चारदा बंद पडली. नवीन इंजिन असंच असतं.

प्रांजली म्हणाली, "पप्पा, मस्त है. पण ही तुमच्याने सांभाळेल का?" मुलगी एकोणीस वर्षांची आहे. मी टाकी पुसली.

ही वही गाडीसाठी. रोजचं मीटरचं वाचन वर लिहायचं, निरीक्षण खाली. घरगुती गोष्टी लिहायच्या नाहीत.

११ ऑगस्ट, सोमवार. ओडोमीटर ९.

ऑफिसला स्कूटरने गेलो. स्कूटर शामलाची आहे. आमच्या विमा कार्यालयाच्या आवारात लोक गाड्या एकमेकींना खेटून लावतात. टाकीवर पहिल्याच दिवशी ओरखडा मला चालणार नाही. काही दिवस स्कूटर बरी.

संध्याकाळी शामलाने विचारलं, "मग बाबांना कंपूला कसं न्यायचं?"

हे घरगुती आहे, पण गाडीशी संबंध येतो म्हणून लिहितो. मे महिन्यात बाबांना पक्षाघाताचा हलका झटका आला. डावा हात लुळा पडला. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी दहाला शहराच्या दुसऱ्या टोकाला, कंपू भागातल्या एका दवाखान्यात त्यांच्या हाताचा व्यायाम असतो. पूर्वी कारने जात. कार मी गेल्या महिन्यात विकली, कारण ती सराफा बाजाराच्या गल्ल्यांत शिरत नव्हती आणि ही गाडी घ्यायची होती.

"ई-रिक्षा आहे ना," मी म्हणालो.

"आज रिक्षानेच नेलं. दर खड्ड्याला त्यांचा खांदा दुखतो. आपल्या थाटीपूरपासून कंपूपर्यंत किती खड्डे आहेत ठाऊक आहे का तुम्हाला?"

"खड्डे कारलाही होते."

तिने माझ्या हातातली स्कूटरची चावी घेऊन खुंटीला लावली. मग म्हणाली, "तुम्ही स्कूटर नेता, तर ही मी घेऊन जाऊ का?"

मी हसलो. तिला वजन सांगितलं.

"एकशे पंच्याण्णव किलो उचलायचं असतं का, अहो?"

"सांभाळायचं असतं. बाईमाणसाचं काम नाही."

"बरं," ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार. ओडोमीटर ९.

सुट्टी. गाडी पुसली. मग 'जुनं रूप, नवं यंत्र' या ऑनलाइन गटावर पहिला लेख टाकला. शीर्षक: 'शहरासाठी हीच का?' मुद्दे असे. एक, शहरात वेग लागत नाही, रुबाब लागतो. दोन, कमी वेगातही इंजिन ओढतं, त्यामुळे गर्दीत सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. तीन, पाठ सरळ राहते. माणूस बसल्यासारखा बसतो, इतर गाड्यांवर तो ओणवा होतो. चार, सीट खाली आहे, दोन्ही पाय टेकतात. पाच, आवाज. आवाजाविषयी दोन परिच्छेद लिहिले.

संध्याकाळपर्यंत दोनशे बारा जणांना आवडला. कानपूरच्या एकाने विचारलं, "रोज किती चालवता?" मी लिहिलं, "हे नातं किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं." त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

१७ ऑगस्ट, रविवार. ओडोमीटर १३.

कॉलनीच्या फाटकापर्यंत दोन फेऱ्या. गायी बसल्या होत्या, म्हणून पुढे गेलो नाही.

दुपारी शिलेदार मंडळाची बैठक. शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनहून आलेल्या घोडेस्वारांचे आम्ही वंशज. आता कोणी विम्यात, कोणी वीज खात्यात, दोघांचे कोचिंग क्लास. दसऱ्याला कंपूपासून बाडा चौकापर्यंत घोड्यावरून मिरवणूक असते. घोडे नाहीत, म्हणून गेल्या वर्षी वरातवाल्याकडून घोड्या आणल्या. बाड्यावर बँड वाजला आणि त्या नाचायला लागल्या. त्यांना तेवढंच शिकवलेलं आहे. मंडळाचा अध्यक्ष समरजीत, माझा धाकटा चुलतभाऊ, उपसलेली तलवार घेऊन पाऊण तास नाचत होता. एका म्हातारीने त्याच्यावरून दहाची नोट ओवाळली.

यंदा ठरलं: मोटरसायकली. समरजीत म्हणाला, "पण जुन्या रूपाच्या. प्लास्टिकवाल्या नकोत." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे मी आधीच ओळखलं होतं असं म्हणता येईल.

मग बाबा उठले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस उठला की खोली गप्प होते. ते म्हणाले, "डाव्या हाताने म्यान धरवत नाही. यंदा दसऱ्याला तलवार देऊन टाकतो."

आमच्या, म्हणजे भापकरांच्या, तलवारीचा नियम असा. दारासमोर रांगोळीने बारा हात रुंदीचा गोल काढायचा. तलवार ज्याच्याकडे जायची त्याने त्या गोलात घोडा तीनदा वळवायचा. पाय टेकता कामा नये, रांगोळी ओलांडता कामा नये. जागच्या जागी वळवता आला नाही तर लढाईत घोड्याचा उपयोग काय, असं त्यामागचं शास्त्र. आजोबांनी सायकलवर वळसा केला. बाबांनी एकोणीसशे एकोणऐंशीला, टेलिफोन खात्याच्या मोटरसायकलवर, मागे शिडी बांधलेली असताना. घरात कोणाला जमलं नाही तर तलवार चुलत शाखेकडे जाते.

चुलत शाखा म्हणजे समरजीत. निघताना तो म्हणाला, "हेमूदादा, जमेल ना? नाहीतर काही टेन्शन नको. मी तयारीत आहे."

दीडशे वर्षं ती तलवार आमच्या घरात आहे. माझ्या हातून जाणार नाही.

२४ ऑगस्ट, रविवार. ओडोमीटर ३८, नंतर ३९.

गेल्या रविवारी तेरा लिहिलं होतं. आज गाडी काढण्याआधी पाहिलं, अडतीस. मी मधल्या दिवसांत ती फक्त पुसली. माझी नोंद चुकली असणार. तेराचा आकडा पुन्हा पाहिला, स्पष्ट आहे.

चाकांना पिवळट धूळ होती. वारा सुटला होता.

आरसे खाली झुकलेले. मी पुसताना झुकले असतील. वर केले.

कॉलनीच्या रस्त्यावर वळसा करून पाहिला. अर्ध्यात इंजिन बंद पडलं. समोरच्या शालिनीताई गच्चीतून बघत होत्या. एक किलोमीटर चालवून परत आणली.

२८ ऑगस्ट, गुरुवार.

शामलाने काळे बूट घेतले, लेसचे. सकाळी फिरायला जाते म्हणाली. या वयात चांगली सवय. बाबाही तिच्याबरोबर जातात. दुपारी त्यांचे केस चपटे बसलेले असतात, टोपी काढल्यासारखे. उकाडा फार आहे.

५ सप्टेंबर, शुक्रवार. ओडोमीटर ११३.

आता शास्त्रीय पद्धतीने बघायचं ठरवलं. या आठवड्यात रोज संध्याकाळी वाचन घेतलं. मी गाडी हलवलेली नाही.

रविवारी ७१. सोमवारी ८५. मंगळवारी ८५. बुधवारी ९९. गुरुवारी ९९. आज ११३.

म्हणजे उभ्या गाडीचं ओडोमीटर एका दिवसाआड चालतं, आणि दर वेळी बरोबर चौदा किलोमीटर. अशी नियमितता यंत्रातल्या दोषाशिवाय येत नाही. दमट हवेने विजेच्या तारांत काहीतरी होत असावं. गाडी जुन्या रूपाची, पण मीटर डिजिटल आहे. तिथेच घोळ.

घरात चौकशी केली. प्रांजली म्हणाली, "मला गिअरवाली येतच नाही, पप्पा." बाबांनी विचारलं, "चावी कुठे असते?" एक माझ्याकडे, दुसरी देवघरात. "मग झालं," ते म्हणाले. शामलाला विचारायचा प्रश्न नव्हता. घरात ही गाडी चालवू शकेल असं माझ्याशिवाय कोणी नाही.

कंपनीला सविस्तर ईमेल पाठवली.

जेवताना शामला म्हणाली, "गाडीत पेट्रोल कमी आहे."

"उन्हाने उडतं," मी म्हणालो.

बाबांना ठसका लागला. पाणी दिलं.

९ सप्टेंबर, मंगळवार.

जेवताना बाबा म्हणाले, "हेमू, त्या गाडीचे मागचे शॉक एक घर मऊ करून घे. गोल्याच्या मंदिराकडच्या स्पीडब्रेकरवर मागचा माणूस उडतो."

बाबांनी ही गाडी फक्त गेटात उभी पाहिली आहे. तरी पाना घेऊन एक घर मऊ केले, त्यांच्या समाधानासाठी. म्हातारपणी माणसं जुन्या गाड्यांवरून फिरत असतात, मनातल्या मनात.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. ओडोमीटर १५५.

कंपनीचं उत्तर आलं. "प्रिय ग्राहक, वाहन चालवल्यास ओडोमीटर वाढते. वाहन न चालवता वाढत असल्यास वाहन कोण चालवते ते कृपया पाहावे."

भाषा उद्धट आहे. वर तक्रार केली.

आज समरजीत येऊन गेला. त्याने तसलीच गाडी घेतली आहे, काळी. ती गेटासमोर एका दमात वळवून दाखवली, पाय टेकला नाही. गोल नव्हता, त्यामुळे तो वळसा धरता येणार नाही. माझ्या गाडीच्या टाकीवरून हात फिरवत म्हणाला, "दादा, ही जेव्हा बघावं तेव्हा चकाचक. चालवतोस की पूजतोस?"

शामला चहा घेऊन आली होती. म्हणाली, "भावजी, चालते ती. तुम्ही नेमके चुकीच्या वेळी येता."

तिने माझी बाजू घेतली. बरं वाटलं.

१४ सप्टेंबर, रविवार. ओडोमीटर १६६.

पहाटे मेळ्याच्या मैदानावर सरावाला गेलो. मेळा हिवाळ्यात भरतो, आता मैदान रिकामं असतं. विटांचे तुकडे लावून बारा हातांचा गोल केला. बावीस प्रयत्न. एकदा पाऊण गोल झाला. बाकीच्या वेळी पाय आपोआप खाली जातो. दोन्ही पाय टेकतात हा गुण मी लेखात दिला होता. इथे तोच आड येतो.

मैदानाच्या कडेला चहावाला आहे. ग्लास देताना म्हणाला, "आज बाऊजी और मैडम नहीं आए?"

मी म्हणालो, कोण बाऊजी?

"अरे वही, इसी गाड़ी वाले. पहले तो रोज आते थे. बाऊजी कुर्सी डाल के बैठते थे और मैडम चक्कर पे चक्कर. बाऊजी एक ही बात बोलते, नीचे मत देख, जहाँ जाना है वहाँ देख."

शहरात या मॉडेलची दुसरी शेवाळी गाडी आहे तर. एक बाईसुद्धा ही गाडी चालवते, हा मुद्दा पुढच्या लेखात घ्यायला हरकत नाही. लोकप्रियता वाढते आहे.

चहावाल्याचं वाक्य मात्र लक्षात ठेवलं. बाबांची अशीच काहीतरी शिकवण होती. सायकल शिकवताना ते माझ्यामागे धावत असत. मी पडलो, मग पुन्हा बसलो नाही. सायकल पुढे समरजीतला दिली.

२० सप्टेंबर, शनिवार. ओडोमीटर २१८.

पहिली सर्व्हिसिंग. वर्कशॉपमधला गोविंद हा जाणता माणूस वाटला. त्याला ओडोमीटरचा दोष सांगितला. त्याने गाडीखाली वाकून पाहिलं, चेन फिरवली, ब्रेकला हात लावला.

"साब, गाड़ी तो चल रही है."

"उभी असते."

"पॅड घिसे हैं. टायर घिसा है. खड़ी गाड़ी का टायर नहीं घिसता." मग क्लच दाबून म्हणाला, "पर जो भी चलाता है, उसका हाथ बहुत साफ है. नई गाड़ी का क्लच लोग पहले महीने में जला देते हैं. ये मक्खन है."

दोषाविषयी त्याला काही सांगता आलं नाही. पण माझ्या हाताविषयी एका तज्ज्ञाचं मत मिळालं. हिशेब केला: आजवरच्या दोनशे अठरापैकी माझे पस्तीस. पस्तीस किलोमीटरमध्ये असं कौतुक क्वचितच कोणाच्या वाट्याला येत असेल.

२१ सप्टेंबर, रविवार.

जमत नाही. कॉलनीत पुन्हा अठरा प्रयत्न. डावा गुडघा सुजला. शालिनीताईंनी आता गच्चीत खुर्ची टाकली आहे.

घरात येऊन बसलो. प्रांजलीने बर्फ आणून दिला. म्हणाली, "पप्पा, आईला विचारा ना. आई सिखा देगी."

मला हसू आलं नाही. या वयात मुलांना सगळ्याची थट्टा करावीशी वाटते.

बाबा आत होते. त्यांना ऐकू गेलं असावं. बाहेर आले, समोर बसले. बर्फाची पिशवी माझ्या गुडघ्यावर नीट केली. मग म्हणाले, "हेमू, तलवार घेतलीच पाहिजे असं नाही."

"म्हणजे समरजीतला देणार?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग कोणाला? दुसरं आहे कोण घरात?"

त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला, नीट, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. म्हणाले, "तू घरात बघत नाहीस."

मी हात झटकून उठलो. घरासाठीच तर चाललं आहे सगळं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. ओडोमीटर २६०.

तिसरा लेख टाकला: 'गर्दी, गल्ली आणि गरिमा'. सराफा बाजारातून ही गाडी कशी जाते याचं वर्णन केलं. सराफ्यात मी ती अजून नेलेली नाही, पण नेल्यास तशीच जाईल. तीनशे चाळीस जणांना आवडला.

शामलाने तो जेवणाआधी मोठ्याने वाचून दाखवला, बाबांना. 'दुतर्फा दागिन्यांची दुकानं, आणि त्यांतून सावकाश जाणारा एक स्वार.' इथे ती थांबली. "अहो, सराफ्यात सकाळी अकरानंतर डावीकडून शिरू देत नाहीत. पोलीस अडवतो. मागच्या गल्लीने जावं लागतं."

"तुला काय माहीत?"

"बाबांच्या चष्म्याची काडी जोडायला गेलो होतो बुधवारी, व्यायामानंतर."

लेखात दुरुस्ती केली. बारकावे असले की लेखाला वजन येतं.

२८ सप्टेंबर, रविवार. ओडोमीटर २७०.

मैदानावर एकतीस प्रयत्न. एक पूर्ण गोल. एकच. पण झाला. चहावाल्याने टाळी वाजवली.

तीन हवेत. चार दिवस आहेत.

१ ऑक्टोबर, बुधवार. ओडोमीटर २९८.

तीनशेला दोन कमी. माझे पंचेचाळीस. कंपनीने अजून उत्तर दिलेलं नाही.

फेटा बांधून पाहिला. आरशात बराच वेळ गेला. शामला मागून येऊन म्हणाली, "एक सांगू? वळताना तुम्ही चाकाकडे बघता."

"बरं."

"उद्या गेटावरच्या दिव्याकडे बघा. मग मागे वळून तुळशीकडे. गाडी नजर जाते तिथे जाते."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

बाबा सगळ्यांनाच सांगत असतात. मला उद्याचं भाषण पाठ करायचं होतं. तिला तसं सांगितलं. ती दारात वळली. "तलवार घरात राहायला हवी हो," म्हणाली. "बाबा झोपेत पुटपुटतात." मग गेली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी आठला शस्त्रपूजा. तलवारीला हळदकुंकू, शमीची पानं. गाडीला झेंडूचा हार, पुढच्या चाकाखाली लिंबू. प्रांजलीने पीठ मिसळून जाड रांगोळीचा गोल काढला. बाबांनी काठीने मापला, बारा हात. मंडळाचे पंधरावीस जण आले. समरजीत आपली काळी गाडी घेऊन आला आणि ती बरोबर गोलाच्या बाहेर लावली. शालिनीताई गच्चीत. बाबा पायरीवर, उजव्या हातात तलवार.

मी बसलो. गाडी सुरू केली. लिंबू फुटलं. पहिला पाव गोल झाला. अर्धा झाला. गेटावरच्या दिव्याकडे बघायचं होतं हे मला आठवलं, आणि ते आठवत असताना मी चाकाकडे बघत होतो. चाक रांगोळीला टेकणार असं दिसलं. मी ब्रेक दाबला. पाय खाली गेला. एकशे पंच्याण्णव किलो एका बाजूला जायला लागले की ते कोणाचं ऐकत नाहीत. गाडी सावकाश आडवी झाली. मी तिच्या बाजूला उभा होतो, फेटा सरळ.

लिंबाचा रस रस्त्यावर पसरला होता. हे नमूद करतो.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

समरजीत पुढे आला. आवाज मऊ करून म्हणाला, "काका, दादाने प्रयत्न केला. आता नियमाप्रमाणे..." आणि हात पुढे केला.

बाबांनी तलवार हलवली नाही. म्हणाले, "घरातलं अजून एक माणूस बाकी आहे."

मला वाटलं, प्रांजली. मी तिच्याकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत होती.

शामलाने पूजेचं ताट शालिनीताईंच्या सुनेच्या हातात दिलं. मिरवणुकीसाठी ती नऊवारी नेसली होती. पायांत काळे बूट होते. ती गाडीजवळ आली, गाडीकडे पाठ केली, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने सीटखालची दांडी धरली आणि मागे मागे चालत गेली. गाडी उभी राहिली. मी इतके दिवस हाताने उचलायचा प्रयत्न करत होतो.

समरजीत म्हणाला, "काका, बायकांचं नाही चालत यात."

"नियम वळशाचा आहे," बाबा म्हणाले. "कोणाचा, ते सांगितलेलं नाही. तुझ्या आजोबांची सायकल घोडा म्हणून चालली होती."

शामलाने आरसे खाली झुकवले. झुकवताना माझ्याकडे पाहिलं नाही. मग गिअर टाकला.

मी त्या तीन गोलांचं वर्णन करणार नाही. वर्णन करण्यासारखं काही घडलं नाही, तेच त्यांचं वैशिष्ट्य. पुढचं चाक रांगोळीच्या आतून, एका वितीवरून, तीनदा गेलं. ती दिव्याकडे बघत होती, मग तुळशीकडे, मग बाबांकडे. बाबा हळू आवाजात मोजत होते. तिसऱ्या वेळी ती पायरीसमोर थांबली आणि मगच तिचा डावा पाय खाली आला.

बाबांनी तलवार दिली. देताना त्यांचा डावा हातही थोडा वर आला. त्याला मे महिन्यापासून कोणी वर येताना पाहिलं नव्हतं. शामलाने ते पाहिलं, आणि तलवारीपेक्षा तिला त्याचंच जास्त वाटलं असं मला दिसलं.

समरजीतने फेटा नीट केला. म्हणाला, "वहिनी, हात साफ आहे तुमचा." आणि आपली गाडी काढायला गेला. ती पहिल्या दोन वेळा सुरू झाली नाही, तिसऱ्यांदा झाली.

मग शामला माझ्याकडे वळली. दोन्ही हात हँडलवर, तलवार मांडीवर आडवी. म्हणाली, "अहो, ही धरून गाडी नाही चालवता येणार. बसा मागे."

मी बसलो.

कंपूपासून बाड्यापर्यंत मी मागे बसून तलवार धरली होती. भाषण खिशात होतं. लोकांनी व्हिडिओ काढले. बँड वाजला तेव्हा गाडी नाचली नाही. सराफ्याच्या तोंडाशी पोलिसाने अडवलं, शामला त्याला म्हणाली, "भैया, आज तो जाने दो," आणि तो बाजूला झाला. तिला तो ओळखत होता.

मागची सीट आरामशीर आहे. पाठीला टेकू नाही, पण शॉक मऊ आहेत. या बाजूविषयी मी आजवर एकाही लेखात लिहिलेलं नाही.

परतताना तिला विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"विचारलं होतं," ती म्हणाली. "अकरा ऑगस्टला. तुम्ही वजन सांगितलंत."

तारीख तिला पाठ होती. माझ्याकडे लिहिलेली होती.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. ओडोमीटर सकाळी ३१४.

सकाळी चहाआधी ही वही पहिल्या पानापासून वाचली. मग कंपनीला ईमेल पाठवली, ओडोमीटर बरोबर आहे. साडेनऊला शामला आणि बाबा गाडीवरून कंपूला गेले. मी गेट उघडून धरलं. नंतर स्कूटरने ऑफिसला गेलो.